ख्रिस्ती कादंबरी आणि मुक्ताचा प्रश्न

कोर्लईच्या सहलीहून परतलेल्या आमच्या गडबच्या एका विद्यार्थ्याने एस.टी.ची वाट पाहता पाहता विचारले, "सर, तिथली ख्रिस्ती माणसं घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. मग मराठीत ख्रिस्ती कादंबऱ्या आहेत का? वाचाव्यात अशा?" मराठीतली पहिली कादंबरीच ख्रिस्ती आहे, हे मी सांगितले तेव्हा तो चकित झाला. पण त्याच्या प्रश्नातला दुसरा भाग, 'वाचाव्यात अशा', त्याचे उत्तर इतके सोपे नाही. ते देण्यासाठीच हे टिपण.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. ख्रिस्ती विचारांचा संस्कार झालेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, पुढे स्वतःच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. राजवाडे, राण्या आणि अद्‌भुत योगायोग यांत रमण्याऐवजी या लेखकाने आपल्या काळातले जिवंत दुःख हाती घेतले, हे त्याचे श्रेय मोठे आहे. प्रस्थापित समीक्षेने या कादंबरीवर 'प्रचारकी' असा शिक्का मारला. हाच शिक्का दलित साहित्यावरही मारला गेला आहे, म्हणून तो शब्द आपण तरी जपून वापरावा. प्रचार करणे हा साहित्याचा गुन्हा होत नाही. कोणाच्या बाजूने बोलताना कोणाला वगळले, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला एका मुलीने दिलेला आहे. फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने छापला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेले नियतकालिक. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सवाल मुक्ताने त्यात केला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिने मांडले. म्हणजे पहिल्या मराठी कादंबरीच्या दोन वर्षे आधी ख्रिस्ती छापखान्यातून दलित स्त्रीचा आवाज बाहेर पडलेला होता. तो कादंबरीपर्यंत का पोचला नाही?

'यमुनापर्यटन'च्या विषयातच याचे उत्तर आहे. केशवपन आणि पुनर्विवाहाची बंदी ही वरच्या जातींतील स्त्रीची वेदना होती. ती खरी होती, भीषण होती. पण महार-मांगांत विधवेचा पाट लागत असे. तिच्या डोक्यावरचे केस शाबूत होते. तिला पाणी नव्हते, छप्पर नव्हते, वेठ मात्र होती. स्त्रीच्या दुःखाची व्याख्या 'वैधव्य' अशी केली की मुक्ताची आई आपोआप कादंबरीबाहेर पडते. लेखकाने तिला हाकलले असे मी म्हणणार नाही. त्याने निवडलेल्या दारातून ती आत येऊच शकत नव्हती. पुढे अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार-मांगांचा होता, हे लक्षात घेतले की ही पोकळी अधिकच बोचते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र. पण ती यासोबत वाचलीच पाहिजे. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाल्यावर या बाईचे सोवळे एका दिवसात गळाले नाही. ते कसे गळाले, हे तिने स्वतःला हसत हसत सांगितले आहे. जात सोडणे हे किती अवघड काम आहे, याची एवढी प्रांजळ कबुली सवर्णाकडून क्वचितच मिळते.

मुक्ताच्या प्रश्नाला कादंबरीतून थेट भिडणारे लेखन मात्र मला दक्षिणेत भेटले. श्रीमती कॉलिन्स या मिशनरी बाईंची 'घातकवधम्' १८७७ साली मल्याळममध्ये आली. तिच्यात गुलाम पुलय आहे आणि त्याचा क्रूर धनी स्वतः ख्रिस्ती आहे. धर्म एक आणि माणसे दोन, हे तिने त्या काळात लिहिले. पोथेरी कुन्हंबूंच्या 'सरस्वतीविजयम्' (१८९२) मध्ये गाणे गायले म्हणून मार खाल्लेला पुलय मुलगा ख्रिस्ती होतो, शिकतो आणि न्यायाधीश होऊन परततो. पॉल चिरक्करोड यांची 'पुलयत्तरा' (१९६२) सांगते की बाप्तिस्मा घेतला तरी चर्चमधले अंतर उरतेच. इमैयम यांच्या तमिळ 'कोवेरु कळुदैगळ' (१९९४) मधली आरोक्यम ही परीट बाई कॅथलिक आहे आणि ती ज्यांचे कपडे धुते ते दलितच आहेत. ही कादंबरी आपल्यालाही आरशासमोर उभे करते, म्हणून कार्यकर्त्यांनी ती आधी वाचावी. यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत.

या कादंबऱ्यांतला प्रश्न पुस्तकात मिटलेला नाही. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकली, हे बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवरील आपल्या लेखात परखडपणे मांडले आहे. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिला. चर्चमध्ये त्याची जात मोजली जाते, सरकारी कचेरीत ती नाकारली जाते. एवढे विदारक नाट्य ज्या जीवनात आहे, त्या जीवनाची कादंबरी व्हायला हवी.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: 'यमुनापर्यटन' वाच, पण मुक्ताचा निबंध शेजारी उघडून वाच. 'स्मृतिचित्रे' वाच. मग केरळ-तामिळनाडूकडे जा. आपल्या गावावरून जाणारा हाच रस्ता पुढे महाडला पोचतो. तिथे १९२७ साली माणसे पाण्याला हात लावायला गेली. ज्या साहित्याने त्या तळ्यापर्यंतची वाट टाळली, ते कोणत्या धर्माचे आहे याने फारसे बिघडत नाही. आणि ख्रिस्ती दलित तरुणांनो, तुमच्या आजीने बाप्तिस्मा का घेतला आणि नंतर तिच्या वाट्याला काय आले, हे तुम्हीच लिहा. मुक्ताने चौदाव्या वर्षाच्या आसपास लेखणी उचलली होती.