लॉर्बनेरीचा हरवलेला निळा

अद्भुतकथेचे आपल्याकडील टीकाकारांशी फारसे सख्य नाही. राजपुत्र, मांत्रिक, पंखांचे सर्प एवढे दिसले की हे बालवाङ्मय आहे असा शेरा मारून पुस्तक मिटावयाचे, ही रीत जुनी आहे. गंभीर लेखकाने वास्तवाचे चित्रण करावे व कल्पितास मुलांच्या कपाटात जागा द्यावी, असा हा अलिखित करार. परंतु ज्याला आपण वास्तव म्हणतो त्याचे एखादे अंग कल्पित जगातच अधिक स्पष्ट दिसते, असेही घडते. अर्सुला के. ल गिन ह्या अमेरिकन लेखिकेच्या 'द फार्देस्ट शोअर' ह्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एका बेटाचे, तेथील रेशमाचे व त्या रेशमावरील रंगाचे जे प्रकरण आहे, ते ह्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

कादंबरीचे जग म्हणजे 'अर्थसी' नावाचा असंख्य बेटांचा द्वीपसमूह. येथे मंत्रविद्या म्हणजे वस्तूंची खरी नावे जाणण्याची विद्या. ज्याला दगडाचे खरे नाव ठाऊक त्याची दगडावर सत्ता. एके काळी हे जग एका राजाच्या छत्राखाली होते, पण हॅव्नॉर येथील सिंहासन शतकानुशतके रिकामे आहे. अशा जगातून विद्या हळूहळू ओसरू लागते. मांत्रिकांना मंत्र आठवत नाहीत, गाणाऱ्यांना गीते आठवत नाहीत. ह्याचे मूळ शोधण्यासाठी महामांत्रिक गेड आणि अ‍ॅरेन नावाचा तरुण राजपुत्र एका होडीतून दक्षिणेकडे निघतात व वाटेत लॉर्बनेरी बेटाला लागतात.

लॉर्बनेरी म्हणजे रेशमाचे बेट. सारे बेट रेशमाच्या किड्यांसाठी लावलेल्या झाडांनी भरलेले आहे. तेथे लहान राखी वटवाघळे ते किडे खातात, पण विणकर त्यांना मारीत नाहीत. माणसे किड्यांवर जगतात तर वटवाघळांनी का जगू नये, असा त्यांचा न्याय. एवढ्या एका तपशिलात लेखिकेने त्या समाजाची जुनी शालीनता सांगून टाकली आहे. ह्या बेटाचे निळे रेशीम साऱ्या द्वीपसमूहात नावाजलेले. त्याहून दुर्मिळ म्हणजे 'ड्रॅगनची आग' ह्या नावाचा किरमिजी रंग. हॅव्नॉरच्या राण्या तो पूर्वी वापरीत. आता राजा नाही, राण्या नाहीत, आणि तो रंगही नाही. सत्तेचा एक रंग असतो व सत्ता गेली की त्या रंगाला गिऱ्हाईक उरत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. परंतु येथे उलटा क्रमही सूचित होतो: ज्या जगाला आपला किरमिजी रंग साधत नाही, त्या जगाला राजा तरी कोठून साधावा?

दोघे प्रवासी गिऱ्हाईक म्हणून गावात शिरतात व रेशमाची चौकशी करतात. तेथून पुढची पाने मला साऱ्या कादंबरीत सरस वाटतात. अशा कथेत अरिष्ट यावयाचे ते वणव्यासारखे किंवा राक्षसाच्या सैन्यासारखे यावे, अशी आपली अपेक्षा. लॉर्बनेरीत ते येते मालाच्या प्रतीतून. कापड आहे, बाजार आहे, दर आहेत; फक्त रंग पूर्वीचा नाही. गावकरी एकमेकांवर दोष ढकलतात, कुरकुरतात, कामात मन नसलेल्या माणसांसारखे वागतात. जग बुडत आहे असे कोणीच म्हणत नाही. धंदा मंदावला आहे, एवढेच. ज्याने पिढीजात कारागिरांच्या पेठेला उतरती कळा लागलेली पाहिली असेल त्याला हे संवाद कानाला ओळखीचे लागतील.

लेखिकेने विद्येच्या ऱ्हासासाठी रंगाऱ्याचीच निवड का केली असावी? सुताराची किंवा लोहाराचीही करता आली असती. मला वाटते, रंगणे ह्या क्रियेतच मंत्राचा भास आहे. निळीचेच घ्या. निळीच्या रांजणातून सूत बाहेर काढले की ते पिवळट-हिरवे दिसते. हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. रसायनशास्त्र ह्याचे कारण सांगते, पण कारण कळल्याने नवल संपत नाही. रांजण लागला की नाही हे जुना रंगारी वासावरून व फेसावरून ओळखी. दक्षिणेत निळीचे काम करणाऱ्यांना निळारी किंवा निराळी म्हणत. म्हणजे रंगाने जातीला नाव दिले. असे ज्ञान घरातून घरात जाते, पोथीत मावत नाही. लॉर्बनेरीतही रंगविद्या एका घराण्याची आहे, आणि ते घराणे चेटकिणीचे आहे.

आपल्या जगातील रंग मेले ते वेगळ्या कारणाने. १८५६ साली विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८-६९ मध्ये मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले, आणि १८९७ साली जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर काही वर्षांतच बिहारमधील निळीची लागवड ओसरली. माळव्यात आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून खारव्याचा लाल रंग काढीत. इंदूर-ग्वाल्हेरकडील वृद्धांच्या बोलण्यात तो शब्द कदाचित अजून सापडेल, झुडूप लावणारा शेतकरी सापडणे कठीण. ह्या सर्व ठिकाणी जुन्याची जागा स्वस्त नव्याने घेतली. नीळ पिकविणाऱ्या रयतेवर मळेवाल्यांनी केलेला जुलूम आठवला म्हणजे तिच्याविषयी नुसते हळहळणेही बरोबर वाटत नाही. लॉर्बनेरीत मात्र नवे काहीच आलेले नाही. कोणी स्पर्धक नाही, कारखाना नाही. निळा रंग गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. ही कल्पना इतिहासातून उचललेली नसून इतिहासाहून अधिक भयंकर आहे.

कादंबरीची खरी शोकात्म व्यक्ती त्या घराण्यातील वृद्धा होय. अकारेन ही एके काळी बेटाची रंगारीण. तिचा मुलगा सोप्ली भ्रमिष्ट झाला आहे व ती स्वतः अंधाऱ्या घरात बसून आहे. आपल्यातील सारे शब्द व नावे कोणीतरी ओढून नेल्याचे ती सांगते. ह्या जगात माणूस आपले खरे नाव प्राणापलीकडे जपतो. ही बाई ते परक्यांसमोर बोलून टाकते, कारण त्या नावात आता काही उरलेले नाही. गेड ते नाव काढून घेतो आणि तिला नवे नाव देतो. तिला शांती मिळते. पण रंग परत मिळत नाही. जिचे असणे म्हणजे तिचे कसब, तिच्या दुःखावर हा उतारा पुरेसा आहे काय? लेखिकेला ही शंका आली असावी, कारण तो प्रसंग ती लवकर आवरते.

लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. याही जमातीचा अखेरचा मनुष्य म्हणून ओळखला गेलेला इशी १९१६ साली वारला. त्याची भाषा व कसबे नोंदवून ठेवणाऱ्यांत क्रोबर होते, आणि त्याचे चरित्र लेखिकेच्या आईने, थिओडोरा क्रोबर ह्यांनी, १९६१ साली लिहिले. एका माणसाबरोबर एक सारे ज्ञान जाते, ही गोष्ट ह्या घरात पुस्तकी नव्हती. अकारेनच्या चित्रणातील संयम तेथून आला असावा, असा माझा तर्क आहे.

आता दोषाकडे वळू. सोप्ली प्रवाशांबरोबर होडीत बसतो आणि पुढे ओबेहोल बेटाजवळ बुडून मरतो. म्हणजे रंगाऱ्याचे घराणे कथेच्या मध्यावरच निर्वंश होते. त्यानंतर लेखिका मृत्यूच्या प्रदेशात, तत्त्वचिंतनात व अ‍ॅरेनच्या राज्यारोहणाच्या दिशेने निघून जाते. अमरत्वाच्या लोभाने कॉब नावाच्या मांत्रिकाने जीवन व मरण ह्यांमधील दार उघडे ठेवले, त्यातून जगाचा अर्थ गळून गेला. गेड आपली सारी शक्ती खर्चून ते दार बंद करतो. हे सर्व भव्य आहे. तथापि दार बंद झाल्यावर लॉर्बनेरीच्या रांजणात निळा पुन्हा उतरला काय, ह्याचे उत्तर वाचकाला मिळत नाही. विद्या परत आली असे मानले तरी ती जाणणारी बाई नावानिशी बदलली आहे, मुलगा समुद्राच्या तळाशी आहे. मंत्र परत येऊ शकेल. हात कोठून येतील? सिंहासन भरल्याने रांजण भरत नाही, हे ज्या लेखिकेने पूर्वार्धात इतके नीट जाणले तिने उत्तरार्धात ते विसरावे ह्याचे नवल वाटते.

आणखी एक उणीव आहे. रोक बेटावरील मंत्रशाळेत स्त्रियांस प्रवेश नाही. खेड्यांतील स्त्रियांची विद्या हलकी मानली जाते. परंतु ज्या विद्येमुळे एका बेटाचे पोट भरले व साऱ्या द्वीपसमूहाला वस्त्र मिळाले ती अशाच एका खेडवळ चेटकिणीची होती. कादंबरी हे दाखविते आणि दाखविल्याचे तिच्या स्वतःच्या लक्षात आलेले दिसत नाही. १९९० सालच्या 'टेहानू' ह्या पुढील ग्रंथात लेखिकेने स्त्रियांच्या विद्येचा प्रश्न सरळ हाती घेतला. त्यात फॅन नावाचा एक वृद्ध विणकर आहे. त्याच्याजवळच्या रंगीत पंख्यावर एका बाजूस माणसे व दुसऱ्या बाजूस ड्रॅगन चितारलेले आहेत, आणि उजेडासमोर धरला असता दोन्ही चित्रे एक होतात. पण ती कथा गाँट बेटावर घडते. लॉर्बनेरीच्या गोदीत त्या ग्रंथातील एकही होडी लागत नाही.