पादक्षालनाचे स्थान आणि अर्थ

ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतील पादक्षालन हा केवळ नम्रतेचा विधी होय, हे रूढ मत अपुरे आहे. १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट मतांगीकाराचे अकरावे कलम त्यात नम्रतेबरोबरच आत्मशुद्धीचीही खूण पाहते. यांपैकी प्रधान अर्थ कोणता, हे विधीच्या क्रमावरून उमगते. आमिश मंडळ्यांत समेट पूर्वीच्या मंडळीसभेत साधला जातो. प्रभुभोजनानंतरचे पादक्षालन त्यावर सेवाभावाची मुद्रा उमटविते. १७०८ मध्ये श्वार्झेनाउ येथे उगम पावलेल्या ब्रदरन परंपरेत मात्र ते प्रभुभोजनापूर्वी होते. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावयाचा नसतो. तदनंतरच्या दोषांचे क्षालन येथे अभिप्रेत असते. साहजिकच पाय धुणाऱ्याहून धुवून घेणाऱ्याची कसोटी अधिक कठीण ठरते. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूला पेत्राने प्रथम दिलेला नकार याच कसोटीचा आहे. केवळ नम्रतेवर थांबणाऱ्या विवेचनात त्या नकाराला स्थानच उरत नाही.