खानोलकर, चिंतामण त्र्यंबक

(८ मार्च १९३०–२६ एप्रिल १९७६). ‘आरती प्रभू’ ह्या टोपणनावाने काव्यलेखन करणारे श्रेष्ठ मराठी कवी. स्वतःच्या नावाने कादंबरीकार, नाटककार आणि कथाकार. जन्म तळकोकणातील, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई ह्या खेड्यात. शिक्षण सावंतवाडी, मुंबई आणि कुडाळ येथे. वडिलांच्या निधनानंतर कुडाळ येथील घरची खानावळ त्यांना चालवावी लागली. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील (१९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील) हे बाजारपेठेचे गाव वाङ्मयीन घडामोडींपासून दूर होते. १९५४ पासून मुंबईच्या सत्यकथा मासिकात आरती प्रभू ह्या नावाने कविता येऊ लागल्या, तेव्हा त्यांचा कर्ता कुडाळात जेवणावळीचा हिशेब ठेवीत आहे, ह्याची कल्पना फारच थोड्या वाचकांना असावी. पुढे ते मुंबईस आले. काही काळ आकाशवाणीवर त्यांनी नोकरी केली. आर्थिक स्थैर्य मात्र त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही.

जोगवा (१९५९), दिवेलागण (१९६२) आणि नक्षत्रांचे देणे (१९७५) हे त्यांचे काव्यसंग्रह. त्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप आरंभापासून घेण्यात आला. बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या नंतरची नवकविता म्हणजे यंत्रयुगीन महानगराची कविता, असे समीकरण रूढ होत असताना ही कविता आली. तिच्यात गिरण्या नाहीत, आगगाड्या नाहीत. समई, विहीर, देऊळ, तुळशीवृंदावन, पाऊस, सर्प आणि तिन्हीसांज आहेत. तिचे शब्द दुर्मिळ नाहीत. कोकणातील कोणत्याही घरात बोलले जाणारे ते शब्द आहेत. दुर्बोधता येते ती दोन प्रतिमांमधील दुवा कवी गाळतो म्हणून. ‘जसे’, ‘म्हणून’, ‘तरीही’ असे विचाराला टेकू देणारे शब्द तेथे नसतात. नाद आणि लय ह्यांच्या आधारे वाचकाला एका प्रतिमेवरून दुसरीवर जावे लागते. ओवी-अभंगांच्या वळणाची रचना आणि गीतरचना त्यांनी केली, ती ह्यासाठीच. अर्थ हाती लागण्यापूर्वी लयीने मन धरून ठेवावे, अशी ही योजना आहे. हृदयनाथ मंगेशकर ह्यांनी चाली दिलेली व आशा भोसले ह्यांनी गायिलेली त्यांची काही गीते घरोघर पोहोचली. ज्या कवितेला दुर्बोध म्हटले गेले, तिलाच असा श्रोतृवर्ग लाभावा, ह्यातच त्या आक्षेपाचे बरेचसे उत्तर मिळते.

ह्याच किनाऱ्यावरील बा. भ. बोरकर ह्यांच्या कवितेशी तुलना केल्यास त्यांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. माड, समुद्र, पाऊस, देवळे ही सामग्री दोघांनाही समान. बोरकरांना ती तृप्त करते आणि त्यांची कविता कृतज्ञतेचा सूर लावते. आरती प्रभूंना तेच निसर्गदृश्य काहीतरी मागत असल्यासारखे वाटते, आणि जे द्यायचे ते वेळेवर दिले गेले नाही ही बोचणी त्यांच्या कवितेत पुन्हापुन्हा येते. देवीच्या नावाने मागितली जाणारी भिक्षा म्हणजे जोगवा. पहिल्या संग्रहाचे हे नाव त्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. तिन्ही संग्रहांत जोगवा सर्वांत सघन. दिवेलागणमध्ये प्रतिमा अधिक गुंतागुंतीच्या होतात. नक्षत्रांचे देणे ह्या संग्रहास मरणोत्तर साहित्य अकादेमीचा पुरस्कार (१९७८) मिळाला. तथापि त्यात काही ठिकाणी पूर्वी कमावलेल्या प्रतिमांची पुनरावृत्ती होते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

रात्र काळी घागर काळी (१९६२), अजगर (१९६५), कोंडुरा (१९६६), त्रिशंकू (१९६८), गणुराय आणि चानी (१९७०) ह्या त्यांच्या प्रमुख कादंबऱ्या. कवितेत जी व्याकुळता याचना करते, ती येथे निवाडा मागते. कोंडुरामध्ये एका सामान्य माणसाला दैवी सामर्थ्य लाभल्याचा प्रत्यय येतो आणि इतरांच्या पापपुण्याचा निर्णय करण्याचा अधिकार तो आपला मानतो. त्यातून अनर्थ ओढवतो. तळकोकणातील देवस्की, नवस, कौल ह्यांच्या वातावरणामुळे ह्या कादंबरीला अद्भुतरम्य म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः तिचा विषय चमत्कार नसून चमत्कारावरील विश्वासाची जबाबदारी हा आहे. चानी ह्या लघुकादंबरीत गोऱ्या पित्याची म्हणून गावाने दूर लोटलेली मुलगी आहे. तेथे दैवाचा आधार न घेताही गावाचे क्रौर्य पुरेसे प्रकट होते, आणि म्हणूनच ती लहान असूनही अधिक बांधीव वाटते. इतरत्र नियतीचे पारडे लेखकाने आधीच झुकवून ठेवलेले असते. पात्रे मग स्वतःच्या इच्छेने न वागता एखाद्या शापाची साधने होतात. हा त्यांच्या कादंबरीचा खरा दोष होय. कोंडुरा आणि चानी ह्यांवर अनुक्रमे श्याम बेनेगल (१९७८) व व्ही. शांताराम (१९७७) ह्यांनी चित्रपट काढले.

नाटकांत एक शून्य बाजीराव (१९६६) विशेष महत्त्वाचे. शोकात्म आशय विदूषकी आविष्कारातून मांडण्याचा त्यातील प्रयोग मराठी रंगभूमीला नवा होता. विजया मेहता ह्यांनी ते ‘रंगायन’तर्फे रंगभूमीवर आणले. अजब न्याय वर्तुळाचा हे जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त ह्यांच्या नाटकाचे रूपांतर. मूळ कृती मराठी लोकनाट्याच्या बाजात त्यांनी सहजपणे उतरविली. सगेसोयरे आणि अवध्य ही त्यांची अन्य नाटके. सनई (१९६४), राखी पाखरू आणि चाफा आणि देवाची आई हे कथासंग्रह. सामना (१९७५) ह्या चित्रपटासाठीही त्यांनी गीतलेखन केले.

खानोलकरांभोवती झपाटलेला, संसारात न रमणारा कलावंत अशी एक दंतकथा त्यांच्या हयातीतच तयार झाली होती. तिने कुतूहल वाढविले, तसेच वाचनही बिघडविले. कवितेतील आर्ततेचा उगम कवीच्या आयुष्यात शोधून समाधान मानण्याची सवय त्यामुळे जडली. जया दडकर ह्यांच्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शोधात ह्या ग्रंथात ह्या आयुष्याचा मागोवा घेतलेला आहे. कवीच्या शब्दांकडे, विशेषतः कुडाळ-सावंतवाडी परिसरातील बोली, विधी आणि दशावतारी परंपरा ह्यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्याकडे, समीक्षेचे तितके लक्ष गेलेले नाही.

मुंबई येथे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.