परवान्यावरचें पुस्तक

इलेक्ट्रॉनिक पुस्तकांच्या युगांत सार्वजनिक ग्रंथालयांचें काय होणार, या वादाचा बराचसा भाग आजवर कागदाच्या वासावर आणि डोळ्यांच्या थकव्यावर खर्च झाला आहे. अमेरिकेंत सॅन अँटोनियो येथें २०१३ सालीं छापील पुस्तकें मुळींच नसलेलें सार्वजनिक ग्रंथालय उघडलें आणि लोक तेथें जाऊं लागले. तेव्हां कागद गेला म्हणजे ग्रंथालय गेलें, असें मानण्याचें कारण नाहीं. खरी मेख निराळ्या ठिकाणीं आहे.

छापील पुस्तक ग्रंथालयानें एकदां विकत घेतलें कीं तें त्याचें झालें. तें शंभर वाचकांस द्यावें, शिवण सुटली तर पुन्हां बांधून घ्यावें. प्रकाशकास विचारावें लागत नाहीं. इलेक्ट्रॉनिक पुस्तक ग्रंथालयास बहुधा विकलेंच जात नाहीं. मिळतो तो वापराचा परवाना. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनें २०११ सालीं ठरविलें कीं, असें पुस्तक २६ वेळां वाचकांकडे जाऊन आलें म्हणजे परवाना संपला. पुढें हवें असल्यास पुन्हां पैसे मोजावे. ज्याचें पान कधीं मळत नाहीं, त्या पुस्तकास हिशेबानें जीर्ण करण्याची ही युक्ति पाहून हसावें कीं रडावें, कळत नाहीं! मॅकमिलननें २०१९ सालीं तर नवें पुस्तक निघाल्यापासून आठ आठवडे एका ग्रंथालयसमूहास, तो केवढाही मोठा असो, एकच प्रत देऊं केली. कांहीं ग्रंथालयांनीं खरेदी थांबविली, आणि २०२० च्या मार्चमध्यें हा निर्बंध मागें घेण्यांत आला.

प्रकाशकांची भीति अगदींच खोटी नव्हे. घरबसल्या फुकट मिळणारें पुस्तक विकत कोण घेणार, आणि मग लेखकानें खावें काय? पण या भीतीवरचा उपाय ग्रंथालयाची मालकीच काढून घेणारा असावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

१९६७ च्या कायद्याखालीं अनुदान घेणाऱ्या आपल्या तालुक्याच्या वाचनालयास हें सारें दूरचें वाटेल. परंतु त्याच्याच कपाटांत जुन्या मासिकांचे बांधीव अंक असतात. मासिक बंद पडलें, संपादक वारले, छापखाना मोडला. प्रत वाचनालयाची होती म्हणून अंक राहिले. परवान्यावर घेतलेलें पुस्तक मात्र परवाना देणाऱ्याबरोबर जाईल, आणि तें गेल्याचें कोणास कळणारही नाहीं. रिकामी फळी निदान दिसते तरी!

म्हणून अनुदानाच्या पैशांतून इलेक्ट्रॉनिक पुस्तकें घेतांना कायमची, स्वतःजवळ ठेवतां येईल अशी प्रत मिळाली पाहिजे, एवढी अट राज्याच्या ग्रंथालय संचालनालयानें आतांच घालावी. ती मान्य नसणाऱ्या प्रकाशकाकडून छापील पुस्तकच घ्यावें.