ट्रॅकवाल्याचं नाव

नवापूर, नांदगाव, आलेवाडी आणि तिथून खाली मुरबे-सातपाटीपर्यंत हळदीच्या रात्री वाजणारी गाणी ऐकली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. गायकाचा आवाज सुरू व्हायच्या आधीच, सुरुवातीच्या आठ-सोळा मात्रांत, मांडवातली माणसं उठलेली असतात. हलगीसारखा एक तडका, त्यावर बँजोची वळणदार फिरत, खाली पोटात घुमणारा बेस. शब्द नंतर येतात. गाणं कुणी गायलंय हे पोरं सांगतील, व्हिडिओत नाचलंय कोण हे त्याहून आधी सांगतील. त्या पहिल्या मात्रा कुणी बांधल्या, हे विचारलं तर मांडव गप्प.

आगरी-कोळी गाण्यांचा सध्याचा बाजार पालघर, ठाणे, रायगड असा पसरलेला आहे आणि तो चालतो यूट्यूब आणि रील्सवर. गाणं बनण्याची रीत साधारण अशी : गीतकार किंवा गायक मोबाइलवर चाल गुणगुणून पाठवतो. म्युझिक प्रोड्युसर, ज्याला आपल्याकडे 'ट्रॅकवाला' म्हणतात, तो त्या गुणगुणीची पट्टी ठरवतो, लय ठरवतो, सुरुवातीचा तुकडा आणि मधले तुकडे रचतो, ढोलकी-संबळ-ऑक्टोपॅडचे लूप बसवतो, गायकाला शिकवायला स्वतःच्या आवाजात डमी गातो, आणि गायक घसरला तर त्याचा सूर नंतर ओढून जागेवर आणतो. पुष्कळदा मिक्सिंगही तोच करतो. या सगळ्याचे त्याला एकरकमी पैसे मिळतात आणि फाइल गेली की त्याचा गाण्याशी संबंध संपतो. व्हिडिओ येतो तेव्हा थंबनेलवर रीलस्टारचा चेहरा असतो, त्याखाली गायक, मग चॅनेलचं बोधचिन्ह. ट्रॅकवाल्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये 'अधिक पाहा' दाबल्यावर सापडतं. मेकअप आणि ड्रोनच्या शेजारी.

कुणी म्हणेल, नाव असतं ना कुठेतरी, मग तक्रार कसली? तक्रार क्रमाची आहे आणि क्रमामागे पैसा आहे. कार्यक्रमाची सुपारी गायकाला येते, उद्घाटनाला रीलस्टारला बोलावतात, जाहिरातीचं उत्पन्न चॅनेलच्या मालकाला मिळतं. ट्रॅकवाल्याला मिळतं ते पुढचं काम, तेही त्याचं नाव कुणी वाचलं तर.

यात एक अपवाद सांगतात तो 'नादखुळा म्युझिक'च्या प्रशांत नाकती यांचा, किंवा प्रवीण कोळी-योगिता कोळी या जोडीचा. इथे संगीत करणाऱ्याचं नाव ठळक आहे, लोकांच्या तोंडी आहे, आणि ते कष्टाने मिळवलेलं आहे. पण नाकतींचं उदाहरण नीट पाहिलं तर त्यातून वेगळंच दिसतं. संगीतकाराने स्वतःचं चॅनेल काढलं, लेबल स्वतःचं केलं, तेव्हा नाव वर चढलं. म्हणजे जो मान मिळाला तो मालकीमुळे. ज्याला चॅनेल काढणं जमत नाही, जाहिरात जमत नाही, फक्त उत्तम ट्रॅक बांधता येतो, त्याच्यासाठी या यशात काहीच तरतूद नाही.

ही व्यथा नवी नाही. १९४९ सालच्या 'महल'मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. त्या काळी गायकालाच नाव नव्हतं. पुढे लताबाईंनी आग्रह धरला, फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार दिला, आणि पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर १९५९ मध्ये 'मधुमती'साठी त्यांनाच मिळाला. गायकाची लढाई तिथे बऱ्यापैकी जिंकली गेली. मात्र त्याच तबकड्यांमधला वाद्यमेळ लिहिणारे अरेंजर तेव्हाही बाहेर राहिले आणि नंतरही. शंकर-जयकिशनचा जो भरजरी वाद्यवृंद आपण त्यांच्या नावाने ओळखतो, तो कागदावर उतरवणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मोठे अरेंजर, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. त्यांचं नाव देशभर झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गंमतीच्या गाण्यामुळे. त्या चित्रपटाचे एक संगीतकार असलेल्या शिष्याने गुरूला दिलेली ती सलामी, पण ऐकणाऱ्या बहुतेकांना या नावाचा खरा माणूस आहे हेच ठाऊक नव्हतं.

मराठीत तरी वेगळं काय झालं? अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे दोघे वाद्यमेळाच्या संयोजनात मुरलेले. पण सामान्य श्रोत्याला ते कळले 'अनिल-अरुण' या नावाने, 'अष्टविनायक'सारख्या (१९७९) चित्रपटाचे संगीतकार झाल्यावर. संयोजक म्हणून कितीही थोर असलात तरी नाव हवं असेल तर संगीतकाराच्या खुर्चीत येऊन बसा, असा हा अलिखित नियम. लक्ष्मीकांत-प्यारेलाल याच वाटेने आले. अजय-अतुल यांनी चाल आणि वाद्यमेळ दोन्ही आपल्याच हातात ठेवले. 'सैराट'साठी (२०१६) लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्याची चर्चा घरोघर झाली. महाराष्ट्रातल्या साध्या प्रेक्षकानेही 'अरेंजमेंट' हा विषय पहिल्यांदा गप्पांत आणला तो बहुधा तेव्हा. तरी तिथेही संयोजन दिसलं ते संगीतकाराच्या नावाखालीच.

वादकांचं थोडं बरं असतं, कारण ते दिसतात. 'गीतरामायणा'च्या मैफलीत सुधीर फडक्यांच्या बाजूला प्रभाकर जोग व्हायोलिन घेऊन बसत, म्हणून त्यांचं व्हायोलिन लोकांनी वेगळं ऐकलं, वेगळं लक्षात ठेवलं. लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसाला मंचावर जागाच नाही. गायक हळदीत येतो तो पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक घेऊन. म्हणजे ट्रॅकवाल्याचं काम दर रात्री वाजतं आणि तो स्वतः कुठेच नसतो. जुन्या शाहिरी पार्ट्यांत निदान 'शाहीर साबळे आणि पार्टी' किंवा 'वेसावकर आणि मंडळी' असं छापत. मागे माणसं आहेत एवढी कबुली त्यात होती. आजच्या थंबनेलवर तेवढीही नाही.

कायद्याकडे पाहावं तर तिथे या माणसाला खुर्चीच ठेवलेली नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा ज्याला ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणतो, तो मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. व्यवहारात पैसे घालणारी कंपनी किंवा चॅनेल. संगीतकार म्हणजे चाल रचणारा. वाद्यमेळाची मांडणी ही मूळ रचनेचं 'रूपांतर' धरली जाते आणि रूपांतराचा हक्क मूळ रचनाकाराचा. ध्वनिमुद्रिकेवर काय छापणं सक्तीचं आहे, तर ती बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली, कलावंताला आपलं नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क दिला, सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर रॉयल्टीही दिली. मोठीच गोष्ट होती ती. पण कलावंत म्हणजे गाणारा, वाजवणारा, नाचणारा. माऊसने एकेक ठोका जागेवर ठेवणारा यात बसतो का, हे त्या मजकुरात स्पष्ट होत नाही. त्याने चालीत भर घातली असेल तर तो सहसंगीतकार ठरू शकतो, पण ते आधी कागदावर आलं पाहिजे.

अमेरिकेत या कामाला निराळं वजन आहे. ग्रॅमीचा 'रेकॉर्ड ऑफ द इयर' गायकाबरोबर प्रोड्युसर आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही मिळतो. तरी तिथेही भांडणं होतातच. मायकेल जॅक्सनचे 'ऑफ द वॉल', 'थ्रिलर' आणि 'बॅड' घडवणाऱ्या क्विन्सी जोन्सना जॅक्सनच्या मृत्यूनंतर वारसांच्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २०१७ मध्ये ज्यूरीने त्यांच्या पारड्यात ९४ लाख डॉलर टाकले, २०२० मध्ये अपिलात त्यातले ६९ लाख काढून घेतले गेले. सगळा वाद करारातल्या शब्दांचा अर्थ काय यावर. आपल्याकडे भांडायला करारच नसतो. फोनवर ठरलेला आकडा असतो आणि 'भाऊ, पुढच्या गाण्यात बघू' असं आश्वासन.

मात्र एवढं मांडून झाल्यावर सगळ्या ट्रॅकवाल्यांना एका ओळीत बसवणं मला पटत नाही. विकतच्या लूपचा गठ्ठा उघडायचा, लय थोडी चढवायची, त्यावर गायकाचा आवाज ठेवायचा, हे काम आहे, रचना नाही. सध्याची निम्मी हळदीची गाणी एकमेकांत मिसळली तरी कळणार नाही, ती याच आळसामुळे. असं काम करणाऱ्याला योग्य मोबदला आणि स्पष्ट नाव द्यावं. त्याने चालीत वाटा मागू नये. पण जो बँजोचा तुकडा गाणं संपल्यावरही कानात राहतो, ज्याच्यावर रील बनतात, तो ज्याने सुचवला तो त्या गाण्याचा सहकर्ता आहे. गायक कितीही लाडका असो, हा वाटा त्याच्या उदारपणावर सोडू नये.

आणि इथेच ट्रॅकवाल्यांना उलट एक प्रश्न विचारायला हवा. पालघरच्या गाण्यांत हल्ली तारप्याचा सूर मधूनच येतो. दुधी भोपळ्याच्या, बांबूच्या दोन नळ्यांच्या, श्वास न तोडता वाजवायच्या या वारली वाद्याचा आवाज ऐकायला झकास लागतो. तो वाजवला कुणी? पाड्यावरच्या नाचात फोनवर टिपून घेतलेला असेल तर त्या माणसाला विचारलं का? वारली लग्नात गाणाऱ्या धवलेरीच्या गाण्यातली ओळ उचलली की खाली 'पारंपरिक' लिहून मोकळं व्हायचं, ही रीत गायकाने ट्रॅकवाल्याला डिस्क्रिप्शनच्या तळाशी टाकण्याइतकीच सोयीची आहे. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आलं, तेव्हा तारपा वाजवणाऱ्यालाही नाव असतं हे सगळ्यांना दिसलं. परंपरा कुणा एकाची नसते हे खरं, पण त्या तुकड्यातला श्वास एका माणसाचाच असतो.

गायकांना सांगणं एवढंच : पुढच्या लगीनसराईची गाणी आत्ता बनत असतील, तर चाल कुणाची, ट्रॅक कुणाचा, कुणाला किती टक्के, हे फाइल हातात घेण्याआधी अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सही करा, आणि व्हिडिओवर आपल्या नावाच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, ट्रॅकवाल्याचं नाव लावा. ट्रॅकवाल्यांनो, तुम्ही त्याखाली तारपा वाजवणाऱ्याचं लावा, आणि त्याचे पैसे त्याच्या पाड्यावर पोचवा.