तळाच्या दोन ओळी : ‘लिंक्स’ आणि नवशिक्याचा पहिला तास

आज आपण एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहोत. कादंबरीबद्दल किंवा नाटकाबद्दल बोलताना आपण विचारतो, की लेखकाने समोर कोणता वाचक धरला आहे? त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही असं मानलं आहे? हाच प्रश्न सॉफ्टवेअरला विचारता येतो. आणि जे सॉफ्टवेअर नवख्या माणसाला हात धरून कुठेतरी नेऊ पाहतं, त्याला तर तो विचारलाच पाहिजे.

आपला आजचा नमुना आहे ‘लिंक्स’. हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तो तयार झाला. मायकेल ग्रोब, चार्ल्स रेझॅक आणि लू मॉन्टुली ही तीन नावं त्याच्याशी जोडलेली आहेत, आणि यातला मॉन्टुली तेव्हा तिथे विद्यार्थी होता. सुरुवातीचा हेतू अगदी घरगुती होता. विद्यापीठाच्या आवारात काय कुठे आहे, ही माहिती तिथल्याच लोकांना संगणकावर वाचता यावी, एवढंच. पुढे मॉन्टुलीने त्याला इंटरनेटची दारं उघडून दिली आणि १९९३ मध्ये लिंक्स वेबची पानं वाचू लागला. नावाबद्दल एक गंमत सांगतो. इंग्रजीत हे नाव रानमांजराच्या जातीतल्या एका प्राण्याचं आहे, आणि उच्चार ‘दुवे’ या अर्थाच्या शब्दाच्या अनेकवचनासारखाच. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकच होतात, त्यामुळे मराठीत हा विनोद आपोआप साधतो.

लिंक्सच्या आधीही एका विद्यार्थिनीने हेच काम केलं होतं, तिच्यापासून सुरुवात करायला हवी. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये वेबचा पहिला ब्राउझर लिहिला, तो ‘नेक्स्ट’ नावाच्या महागड्या यंत्रावर चालायचा. जगात ते यंत्र असलेले लोक मोजकेच. तेव्हा सर्नमध्ये काम करणारी निकोला पेलो ही इंग्लंडहून आलेली गणिताची विद्यार्थिनी. तिने कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहिला. पानावर मजकूर यायचा, प्रत्येक दुव्यापुढे चौकटी कंसात आकडा असायचा, आणि तुम्ही तो आकडा टाइप करून एंटर दाबायचं. बस्स. दूरचा माणूससुद्धा ‘टेलनेट’ने सर्नच्या यंत्रावर जाऊन तो वापरून बघू शकत होता. वेब म्हणजे काय, हे पुष्कळांना प्रथम असं कळलं.

आता बघा, या आकड्यांमागे एक ठाम समज आहे. नवख्याला यंत्राची भाषा येत नसेल, पण एक, दोन, तीन येतं. पेलोच्या ब्राउझरचं हे मोठेपण आहे. मात्र त्याची किंमत काय पडली, तेही बघायला हवं. बर्नर्स-लींच्या मूळ ब्राउझरमध्ये पान वाचता यायचं तसं लिहिताही यायचं, वाचन आणि लेखन एकाच खिडकीत. पेलोच्या साध्या टर्मिनलवर ते शक्य नव्हतं. त्यामुळे वेब जेव्हा प्रथम लोकांच्या हाती आला, तेव्हाच तो निव्वळ वाचायची गोष्ट बनून आला. यात पेलोचा दोष नाही. टर्मिनलची ऐपत तेवढीच होती.

लिंक्सने यापुढचं पाऊल टाकलं. ऐंशी अक्षरं रुंद, चोवीस ओळी उंच असा जो टर्मिनलचा पडदा विद्यापीठांत सर्रास होता, त्यावर कर्सर हवा तिथे नेता येतो. लिंक्सने त्याचा फायदा घेतला. खालच्या बाणाने पुढच्या दुव्यावर जा, वरच्या बाणाने मागच्या. उजवा बाण दाबला की दुव्याच्या आत शिरता, डावा दाबला की आलात तिथे परत. आत म्हणजे उजवीकडे, मागे म्हणजे डावीकडे. ही कल्पना इतकी सरळ आहे की ती कुणी तरी सुचवावी लागली असेल, हेच आपल्याला जाणवत नाही.

पण लिंक्सची खरी ओळख पडद्याच्या तळाशी आहे. तिथे दोन ओळी कायम दिसत. पहिलीत बाणांचा उपयोग सांगितलेला. दुसरीत अक्षरांची यादी: मदतीसाठी एच, पर्यायांसाठी ओ, छापण्यासाठी पी, एखाद्या पत्त्यावर जाण्यासाठी जी, मुख्य पानासाठी एम, बाहेर पडण्यासाठी क्यू. शोधायचं असेल तर तिरकी रेघ.

या दोन ओळी आम्ही फार बारकाईने वाचतो, कारण त्यात शिकवणाऱ्याचं मन दिसतं. इथे स्वागताचा परिच्छेद नाही, इंटरनेटचा इतिहास नाही, ‘माहितीचा महामार्ग’ वगैरे त्या काळची भाषणबाजी नाही. पुस्तिका उघडायची गरज नाही, कारण पुस्तिका पडद्यावरच आहे. आणि बाहेर पडायचं कसं, हे सांगितलेलं आहे. ज्यांनी जुनं युनिक्स वापरलं आहे त्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल कळेल. एखाद्या प्रोग्रॅममध्ये शिरावं आणि बाहेरच पडता येऊ नये, ही तेव्हाच्या नवशिक्याची हमखास फजिती होती. ज्याची स्वतःची फजिती अलीकडेच झालेली आहे, तोच माणूस ‘बाहेर पडा’ ही कळ कायम डोळ्यांसमोर ठेवतो. मुरलेल्या तज्ज्ञाला ते सुचत नाही. विद्यार्थ्याचा हात लागलेल्या सॉफ्टवेअरची बलस्थानं शोधायची तर इथे शोधावीत. त्याला पहिला तास आठवत असतो.

आता दुसरी बाजू. लिंक्सच्या पर्यायांत वापरणाऱ्याचे तीन दर्जे होते: नवशिका, मधला आणि प्रगत. नवशिक्याला त्या दोन ओळी दिसतात. मधल्याला दिसत नाहीत. प्रगताला ओळी दिसत नाहीत, पण त्याऐवजी कर्सर ज्या दुव्यावर आहे त्याचा पूर्ण पत्ता तळाशी दिसतो.

ही रचना जरा तपासून बघा. मधली पायरी तुम्हाला नवं काही देत नाही, फक्त मदत काढून घेते. सायकल शिकवताना मागचा हात सोडावा तसं. याचं आम्हाला कौतुकच वाटतं, कारण यात एक विश्वास आहे, की तुम्ही नवशिके राहणार नाही. आजच्या किती सॉफ्टवेअरमध्ये असा विश्वास दिसतो? सूचनांचे फुगे येत राहतात, आपण ते मिटवत राहतो, पण ‘मला आता येतं’ असं एकदाचं सांगायची जागा क्वचितच असते.

आमचा आक्षेप तिसऱ्या पायरीवर आहे. दुवा कुठे नेतो, हे प्रगताला दाखवायचं आणि नवशिक्याला नाही, हा निर्णय उलटा आहे. ज्याला अनुभव आहे तो पत्ता न बघताही अंदाज बांधू शकतो. ज्याला अनुभव नाही त्यालाच, कळ दाबण्याआधी, आपण कुणाच्या दारात चाललो आहोत हे कळायला हवं. लिंक्समध्ये बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की दुव्याची सगळी माहिती मिळायची, दर्जा कोणताही असो. उलट्या तिरक्या रेघेची कळ दाबली की पान ज्या खुणांनी रचलंय तो कच्चा मजकूर समोर यायचा, म्हणजे पान कसं बनतं हे बघून शिकता यायचं. पण या दोन्ही कळा त्या दोन ओळींत नाहीत. चालायचं कसं हे सांगितलं, कुठे चाललो हे आणि रस्ता कसा बांधतात हे मात्र मदतीच्या पानांत खोल ठेवलं.

कुणी म्हणेल, दोन ओळींत किती मावणार? खरं आहे. पण छापायच्या कळेला जागा मिळाली आहे. शिवाय तेव्हाच्या विद्यापीठीय इंटरनेटवर फसवणारं दार अपवादानेच असायचं, त्यामुळे पत्ता हा तांत्रिक तपशील वाटला, असा बचाव करता येईल. तो आम्हाला अर्धाच पटतो. कारण त्या समजुतीचं पुढे वळण झालं. आज फोनवर बँकेच्या नावाने संदेश येतो, निळ्या अक्षरांचा दुवा असतो, आणि घरातली वडीलधारी माणसं तो दाबतात. दुवा खरा कुठे जातो हे बघायचं तर त्यावर बोट दाबून धरावं लागतं, आणि ही युक्ती ज्याला माहीत आहे त्याला तिची फारशी गरज नसते. पत्ता ही जाणत्यांची चीज, ही वर्गवारी लिंक्सच्या पर्यायांत स्वच्छ लिहिलेली सापडते. १९९३ मध्येच इलिनॉय विद्यापीठात बनलेल्या ‘मोझेइक’ने, ज्यात मार्क अँड्रीसन या विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता, दुव्यावर माउस नेला की पत्ता सर्वांना दाखवला. मोझेइकची चित्रं सगळ्यांच्या लक्षात राहिली, ही गोष्ट कुणी फारशी नोंदवत नाही. जाता जाता: लू मॉन्टुलीनेच पुढे १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये ‘कुकी’ची कल्पना आणली. वापरणाऱ्याच्या नजरेआड चालणारं तंत्रज्ञान म्हणून तिच्यावर पुढे किती वाद झाले, ते आपण जाणतो.

हे सगळं आपल्यापासून दूरचं नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, ज्याला ‘शेल’ खातं म्हणत. त्यात चित्रं नाहीत, फक्त मजकूर. चित्रांसह इंटरनेट हवं तर त्याच्या कितीतरी पट पैसे. मोडेमने फोन लावायचा, निगमच्या युनिक्स यंत्रात शिरायचं, आणि लिंक्स चालायचा तो तिथे, आपल्या घरच्या संगणकावर नव्हे. म्हणून घरात जुनाट यंत्र असलं तरी चालायचं. म्हणजे कॅन्ससच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या त्या दोन ओळी इथल्या विद्यार्थ्यांच्या पडद्यावर आल्या. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांची इंटरनेटशी पहिली ओळख काळ्या पडद्यावरच्या मजकुरातून झाली, आणि ती पुष्कळदा अभिमानाने सांगितली जाते.

अभिमान समजू शकतो, पण आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. तळाच्या त्या ओळी इंग्रजीत होत्या. एच म्हणजे मदत, हे कळायला आधी ‘हेल्प’ माहीत हवा. पेलोचे आकडे मराठी माध्यमातल्या मुलालाही चालले असते. लिंक्सची आद्याक्षरं पाठ करावी लागत. आणि मराठी पान उघडलं तर? त्या काळी मराठी संकेतस्थळं आपापला फाँट वापरत. खालची अक्षरं रोमन संकेतांचीच, वरून देवनागरीचा मुखवटा. लिंक्समध्ये तो मुखवटा नसायचा, त्यामुळे पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा यायचा. मजकूर चित्र म्हणून टाकला असेल तर कंसात ‘चित्र’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, आणि पुढे काही नाही. नवशिक्याची इतकी काळजी घेणाऱ्या सॉफ्टवेअरने नवशिका इंग्रजी वाचणारा असणार हे धरलं होतं, आणि आपल्याकडे स्वस्त खातं देणाऱ्यांनी ते तसंच पुढे दिलं. तळाच्या दोन ओळी मराठीत आणायच्या तर त्या पडद्याला आधी देवनागरी यायला हवी होती. रोमन लिपीत मराठी लिहून ‘मागे जा’, ‘बाहेर पडा’ एवढं तरी करता आलं असतं.

लिंक्स आजही मिळतो आणि त्याची देखभाल अजून चालू आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर तो नीट चालतो, म्हणून दृष्टिहीन वाचकांनी त्याला बराच काळ जवळ केलं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लिनक्स असेल त्यांनी तो घालून बघावा. ओ दाबा, वापरणाऱ्याचा दर्जा शोधा, आणि एक संध्याकाळ नवशिका, दुसरी संध्याकाळ प्रगत राहून तीच पानं वाचा. तळाची ओळ बदलली की आपण दुवे दाबतो ते कसं बदलतं, ते टिपून ठेवा. प्रश्नांच्या वेळी त्यावरच बोलू.