मिनास तिरिथचे कुलूपबंद ग्रंथभांडार

अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील नगरे वाचकांच्या स्मरणात राहतात ती बहुधा त्यांच्या तटबुरुजांमुळे आणि त्यांच्या वेशीवर झालेल्या लढायांमुळे. अशा नगरात एखादे ग्रंथालय असलेच, तर त्याच्या दारापाशी वाचक फारसा रेंगाळत नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील मिनास तिरिथ हे असेच एक नगर आहे. डोंगराच्या अंगाखांद्यावर सात टप्प्यांनी चढत गेलेले, पांढऱ्या दगडांचे हे नगर शत्रूच्या वेढ्यात कसे तगून राहिले याचे वर्णन वाचताना आपण भारावून जातो. परंतु या नगरात एक जुने ग्रंथभांडारही आहे. तेथे कोणाला प्रवेश मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न कादंबरीच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने या साहित्यकृतीचा विचार करावयाचा आहे.

टॉल्किन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात भाषेचे आणि प्राचीन वाङ्मयाचे प्राध्यापक होते. त्यांच्या आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. १९०४ साली ती निवर्तल्यावर बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक या नात्याने टॉल्किन बंधूंचा सांभाळ केला. आपली ही कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी १९५३ साली एका येशूसंघीय मित्राला पत्रातून कळविले होते. तरीही या कादंबरीत चर्च नाही आणि धर्मगुरूही नाही. लेखकाची श्रद्धा शोधायची ती त्याच्या पात्रांच्या आचरणात. हाती सोपविलेल्या ठेवीशी माणसे कशी वागतात, यात.

कथानक थोडक्यात असे. सॉरॉन नावाच्या दुष्ट शक्तीने सर्वांना दास करणारी एक अंगठी घडविली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी इसिल्दुर या राजाने युद्धात ती त्याच्या हातातून कापून घेतली, पण पुढे ती नदीत हरवली. दीर्घ काळानंतर शायर या शांत, शेतकरी प्रदेशातील बिल्बो या बुटक्या गृहस्थाकडे आणि त्याच्याकडून फ्रोडोकडे एक अंगठी येते. ही तीच असावी असा गॅंडाल्फ या ज्ञानी वृद्धाला संशय येतो. पण खात्री कशी पटावी? चुकीच्या अंगठीसाठी प्राण पणाला लावणे व्यर्थ, आणि खरी अंगठी ओळखू न येणे म्हणजे सर्वनाश. पुरावा हवा होता, आणि तो मिनास तिरिथच्या ग्रंथभांडारात धूळ खात पडला होता.

त्या वेळी नगराचे सिंहासन रिकामे होते. राजवंश खुंटल्यापासून जवळजवळ हजार वर्षे राजाच्या वतीने कारभारी राज्य करीत आले होते आणि डेनेथॉर हा त्यांपैकी सव्विसावा होता. ‘कारभारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जे आपले नाही ते मालक परत येईपर्यंत सांभाळायचे आणि आल्यावर हिशेबासह त्याच्या स्वाधीन करायचे, हे कारभाऱ्याचे काम. डेनेथॉर गॅंडाल्फला आत सोडतो, पण नाखुशीने. या नगराच्या ज्ञानाचा स्वामी मी आहे, मला ठाऊक नाही असे तुला येथे काही सापडणार नाही, असेही तो ऐकवतो. कारभाऱ्याच्या तोंडी स्वामित्वाची भाषा आली, की कारभार बिघडला असे समजावे. टॉल्किन यांनी ही गोष्ट कोणतेही भाष्य न करता, एका छोट्या संवादातून दाखविली आहे.

डेनेथॉरचा दावा खोटा ठरतो. जुन्या लिप्यांतील, आता पंडितांनाही न लागणाऱ्या कागदपत्रांत गॅंडाल्फला खुद्द इसिल्दुरच्या हातची गुंडाळी मिळते. अंगठी हाती आली तेव्हा ती निखाऱ्यासारखी तापलेली होती, तीवर अक्षरे दिसत होती, आणि ती निवत गेली तशी अक्षरे पुसट झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. अक्षरांची नक्कलही उतरवून घेतली आहे. हे वाचून गॅंडाल्फ शायरला परततो, फ्रोडोच्या चुलीत अंगठी टाकतो, आणि अक्षरे उमटतात. पुढची सारी कथा या क्षणातून निघते. पीटर जॅक्सन यांच्या २००१ सालच्या चित्रपटात गॅंडाल्फ धुळकट कागदांत शोध घेताना दिसतो; परंतु डेनेथॉरची नाखुशी चित्रपटाने गाळली आहे. त्यामुळे ग्रंथालय दिसते, त्याचे कुलूप मात्र दिसत नाही.

या प्रसंगाचे मर्म एका लहानशा तपशिलात आहे. अंगठीविषयी विचारविनिमय करण्यासाठी भरलेल्या सभेत डेनेथॉरचा थोरला मुलगा बोरोमिर हजर आहे. इसिल्दुरने अंगठी घेतल्याचे ऐकून तो चकित होतो. आमच्याकडे ही कथा कधी सांगितली जात असेल तर ती केव्हाच विसरली गेली आहे, असे तो म्हणतो. ज्या नगराचा तो वारस, त्याच नगरात हा दस्तऐवज पडून होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता! राजांच्या काळानंतर ती गुंडाळी बहुधा दोघांनीच वाचली होती, गॅंडाल्फने आणि सारुमानने. आणि दोघेही परके. इसिल्दुरने तर ती नोंद मुद्दाम मागे ठेवली होती. या थोर घटनांची आठवण पुढे मंद होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. ती नोंद कोणी जाळली नाही, फाडली नाही. कोणी ती वाचलीच नाही. धाकटा मुलगा फारामिर पुढे एकदा सांगतो की आमच्या भांडारात चर्मपत्रे आहेत, शिलालेख आहेत, सोन्यारुप्याच्या पत्र्यांवरील लेख आहेत; काही आता कोणालाच वाचता येत नाहीत, आणि उरलेली उघडण्याची तसदी फार थोडे घेतात. स्वतः फारामिर त्यांतले थोडेफार वाचू शकतो, कारण त्याला कोणीतरी शिकविले आहे. अंगठीचा मोह बोरोमिरला आवरत नाही. फारामिर त्या मोहाला बळी पडत नाही. हा फरक केवळ वाचनाने पडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण लेखकाने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे.

येथे एक आक्षेप संभवतो. असे भयंकर ज्ञान सर्वांस खुले करणे शहाणपणाचे आहे काय? अंगठीचे रहस्य कुलपात राहिलेले बरे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण कादंबरीनेच त्याचे उत्तर दिले आहे. त्या भांडारात सारुमानने दीर्घकाळ अभ्यास केला होता. तो विद्वान आणि प्रतिष्ठित, नगराधिपतींचा सन्मान्य पाहुणा होता. त्याला कधी कोणी दारात अडविले नाही. आणि पुढे विश्वासघात केला तो त्यानेच. म्हणजे कुलूप होते, पण ज्याच्यापासून धोका होता त्याच्यासाठी ते नव्हते. बंद दाराचा नेहमीचा न्याय हाच असतो. वजनदार माणसाला किल्ली मिळते, आणि ज्याला गरज आहे तो उंबरठ्यावर थांबतो. ज्ञान सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली आपण पुष्कळदा केवळ प्रतिष्ठेची राखण करीत असतो.

नगरातील रुग्णालयाचा प्रसंग याच सूत्राची दुसरी बाजू दाखवितो. युद्धात जखमी झालेले फारामिर, एओविन आणि मेरी मृत्युपंथाला लागलेले असतात. त्यांना वाचविण्यासाठी अ‍ॅरागॉर्न अथेलास नावाची वनस्पती मागतो. रुग्णालयाचा औषधितज्ज्ञ येतो आणि तिची निरनिराळ्या भाषांतील नावे व्युत्पत्तीसह सांगू लागतो. पण पाला मात्र त्याच्यापाशी नाही, कारण त्याच्या मते तिला काही गुण नाही. आयोरेथसारख्या बायका अर्थ न कळता जुन्या ओव्या म्हणत असतात, त्यांवर विश्वास ठेवला तर गोष्ट वेगळी, असेही तो सुनावतो. गॅंडाल्फ वैतागून त्याला अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या शोधात पिटाळतो, ज्याचे पांडित्य कमी असेल पण घरात पाला असेल. अखेर एक मुलगा धावत येतो, कापडात सहा सुकत आलेली पाने घेऊन; आणि तेवढ्यावर तीन जीव वाचतात. राजाचे हात हे बरे करणाराचे हात असतात, ही जुनी समजूत आठवली ती आयोरेथ या वृद्ध सेविकेलाच. ग्रंथ आणि लोक यांची ताटातूट झाली की काय होते, ते येथे दिसते. पंडिताकडे नाव उरते, म्हातारीकडे ओवी उरते, आणि दोघांनाही उपयोग ठाऊक नसतो.

या नगराच्या तुलनेत शायर अगदी खेडवळ. तेथे सर्वांनाच लिहितावाचता येत होते असेही नाही. पण बिल्बो आपल्या माळ्याच्या मुलाला, सॅमला, अक्षरे शिकवितो. यातून काही वाईट निघू नये म्हणजे झाले, अशी धास्ती सॅमचा बाप गावात बोलून दाखवितो! वाईट काही निघत नाही. महायुद्धाची हकिकत ज्या लाल ग्रंथात लिहिली गेली, तो ग्रंथ फ्रोडो जाताना शेवटची पाने कोरी ठेवून सॅमच्याच हाती देतो. माळ्याचा मुलगा इतिहासाचा शेवट लिहितो आणि त्याच्या लेकीच्या घराण्यात तो ग्रंथ जपला जातो. पुढच्या शतकाअखेर शायरमध्ये अनेक ग्रंथसंग्रह उभे राहतात. कादंबरीच्या प्रास्ताविकात या लाल ग्रंथाचे पुढे काय झाले तेही टॉल्किन सांगतात. मूळ प्रत नष्ट झाली. परंतु तिच्या पुष्कळ नकला झाल्या होत्या. त्यांपैकी पहिली राजाच्या विनंतीवरून मिनास तिरिथला गेली, तेथील जाणकारांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या, टिपा जोडल्या, आणि त्या प्रतीची नक्कल पुन्हा शायरला परत आली. बिल्बोने केलेली भाषांतरे संपूर्ण स्वरूपात उरली ती याच नकलेत. जे डेनेथॉरच्या काळात एका दिशेनेही वाहत नव्हते, ते राजा परतल्यावर दोन्ही दिशांनी वाहू लागले.

टॉल्किन यांच्या चित्रणाला मर्यादा आहे, हेही नोंदविले पाहिजे. मिनास तिरिथचा एखादा शिपाई, एखादी सुईण किंवा लोहार त्या भांडाराच्या दाराशी आला आणि त्याला प्रवेश मिळाला, असे दृश्य कादंबरीत कोठेही नाही. राजा परतल्यावरही नाही. शायरमधील मोठे ग्रंथसंग्रह प्रतिष्ठित घराण्यांच्या वाड्यांतच आहेत. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडताना पुस्तकांचा उपयोग हेच त्यांचे प्रयोजन मानले आणि प्रत्येक वाचकाचा हक्क गृहीत धरला. त्या टप्प्यापर्यंत टॉल्किन यांची कल्पना पोचत नाही. चांगल्या मालकाने दार उघडावे, इथवर ते येतात. दार उघडे असणे हा वाचकाचा हक्क आहे, असे त्यांना म्हणावयाचे नसावे. डेनेथॉरबद्दल मात्र त्यांनी न्यायबुद्धी सोडलेली नाही. तो मूर्ख नाही, चोरही नाही. तो स्वतः वाचणारा, नगरावर प्रेम करणारा मनुष्य आहे. म्हणूनच त्याचा दोष आपल्याला ओळखीचा वाटतो. धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणारा शुभवर्तमानातील चाकरही चोर नव्हता.

नकलांमुळे ग्रंथ तगतो, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाचकाला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ते आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखित प्रतींच्या आधारे. १९०७ साली मंगळूर येथे निघालेली आवृत्तीही अशाच प्रतींवरून सिद्ध झाली. कोणा ना कोणा वाचकाने उतरून घेतले, म्हणून ते उरले. टॉल्किन यांच्या स्वतःच्या कागदांची कथाही विचार करण्याजोगी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हस्तलिखिते १९५७ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाने, म्हणजे येशूसंघीयांच्या एका संस्थेने, पंधराशे पौंडांना विकत घेतली, आणि तेथील ग्रंथालयात अभ्यासक ती आजही अभ्यासू शकतात.

आपल्या धर्मग्रामांतही पुस्तकांची कपाटे आहेत. काही ठिकाणी ती उघडी असतात, तर काही ठिकाणी किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येत नाही. पुस्तके हरवतील, फाटतील ही भीती रास्त आहे. हाताळलेले पुस्तक झिजणारच. पण इसिल्दुरची गुंडाळी जशीच्या तशी शाबूत राहिली होती, आणि तिच्या नगराला तिचा काडीचाही उपयोग होत नव्हता. ही कादंबरी मुलांच्या हाती देताना, मोठ्यांनी तिच्यातील सभेचे आणि रुग्णालयाचे प्रकरण सावकाश वाचावे, असे सुचवावेसे वाटते. आणि नंतर आपल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी करावी.